झेलू नकोस

देशाच्या संघाचा गोलकीपर असलेला दादा जेवता जेवता म्हणाला, "मी खेळ सोडला. सोमवारी सैन्यात रुजू होतोय."

आईचा हात पातेल्यातच राहिला. धाकटीच्या तर पायाखालची जमीनच सरकली! असं घरात आधी विचारायची काही पद्धत असते की नाही? रागाने तिने समोरचं लिंबूच त्याच्या डोक्यावर भिरकावलं. दादाने वर न बघताच ते झेललं.

"आई, हिचा नेम बघ! माझ्याऐवजी हिलाच पाठवू या," तो हसला.

धाकटीला मात्र हसू आलं नाही. "दादा, तिथे कुणी हातगोळा फेकला तर?"

"झेलायचा नाही, वेडाबाई. लांब उडी मारून आडवं पडायचं. सोप्पंय."

"नक्की?"

"अगं, नक्की!"

तिने दुसरं लिंबू उचललं. "हा हातगोळा. झेलू नकोस हं," असं बजावून तिने ते अगदी हळू टाकलं.

दादाने ते झेललं आणि गोल वाचवल्यावर चेंडू धरतो तसं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. मग त्याने खाली पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"टाक ना रे ते," धाकटी कसंबसं म्हणाली.

त्याची बोटं उघडेचनात.