तोंड समुद्राकडे

"पट्टा सोडा! अजून थोडा!" मी खड्ड्यातून ओरडलो. ट्रॅक्टरवाल्याने पट्टा सैल केला आणि गार्बीनचे चारही पाय वाळूला टेकले.

गार्बीन आमच्या कळपातला बैल. अठरा वर्षांचा होऊन गुरुवारी गेला. त्याच्या शिंगांमधली फीत हिसकायला पांढऱ्या कपड्यांतले गडी रिंगणात उतरायचे आणि जीव मुठीत धरून कठड्यावरून उड्या मारायचे. पोस्टरवर त्याचं नाव ठळक, त्या गड्यांची बारीक. असा बैल गेला की आमच्याकडे त्याला उभाच पुरतात, समुद्राकडे तोंड करून. मेलेला बैल उभा करणं खायचं काम नाही. या भागात ते मला एकट्यालाच जमतं.

माझी बायको ओदेत बुधवारी गेली होती. "तुझ्या पहिल्या बायकोला चार पाय आहेत," असं ती आमच्या बैलांवरून मला लग्नानंतर चाळीस वर्षं ऐकवत आली. मी हसायचो. तिच्याजवळ बसायला हवं होतं तेव्हाही मी गोठ्यातच होतो.

शनिवारी सकाळी नऊला ओदेत, अकराला गार्बीन. कब्रस्तानाच्या फाटकात कळपाच्या रेबूलमालकांनी माझा हात धरला.

"आज तुला कुठल्या तोंडानं सांगू, बार्तेल? पण तो आडवा पडला तर मुलखात छी-थू होईल रे."

"येतो की," मी म्हणालो. "घरी बसून काय भिंती मोजू?"

मला खरंच काही वाटत नव्हतं. पाद्रीबाबांनीही आटोपतं घेतलं होतं.

खड्ड्याभोवती दोनशे माणसं होती. बेकरीवाली तिएनेत वाकून रडत म्हणाली, "कसं सोसायचं रे आता? असा जीव पुन्हा होणे नाही!"

"कोण, ओदेत?"

ती चपापली. "अगंबाई... हो, तीपण."

मी गार्बीनच्या पोटाखाली वाळू ठासली, खांद्यावर त्याची हनुवटी घेतली.

"तोंड नीट आहे ना?" मालकांनी वरून विचारलं.

"जरा डावीकडं गेलंय."

"मग वळव. सावकाश. सगळे थांबलेत."

सगळे थांबले. पाऊण तास लागला. कुणी घड्याळ बघितलं नाही.

वर यायला मला कबरी खणणाऱ्या फेलिसियँने हात दिला. सकाळची माती अजून त्याच्या बुटांना होती.

"ओदेतचं डोकं कुठल्या बाजूला केलंस?" मी विचारलं.

तो गोंधळला. "भिंतीकडं असेल बहुतेक. जागा अडचणीची होती ना. का रे?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि फावडं उचललं.