दोन बोटं काडी

प्राध्यापक काकासाहेब हौशी रेडिओची परीक्षा पास झाले ते निव्वळ पाठांतरावर. परवाना त्यांनी चौकटीत घालून देवांच्या तसबिरींच्या ओळीत लावला होता आणि पाहुण्याला चहाच्या आधी तो दाखवायचे. मी बन्सी, त्यांच्या कॉलेजातला वायरमन. त्यांचा प्रत्येक बिघडलेला सेट मीच दुरुस्त करायचो, आणि चालू झाला की तो त्यांचा व्हायचा.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांना लोकसेवेची उबळ आली. खर्ड्याला पाण्याचा टँकर आला तर आला, आणि नाही आला तर तो निरोप सायकलवरून जामखेडला, तालुक्याच्या कचेरीत, जायचा. मधल्या डोंगरावर रिपीटर, म्हणजे इकडचा आवाज झेलून तिकडे फेकणारं यंत्र, बसवला की निरोप लगेच पोचणार होता. कल्पना चांगली होती, एवढं कबूल करतो. माझी बहीण लंकाबाई खर्ड्यातच दिलेली. ती रोज टँकरच्या वाटेवर हंडे घेऊन बसायची.

अँटेना, म्हणजे दांडीवर बसवलेल्या पाच धातूच्या काड्या, मी साखर कारखान्याच्या भंगारातून आणला. कारखान्याचा वायरलेस एकशे साठ मेगासायकलच्या लहरींवर चालायचा, आमचा एकशे पंचेचाळीसवर. काकासाहेबांनी करवत मागितली.

"आकडा लहान, म्हणजे काड्याही लहान करायच्या," ते म्हणाले.

"सर, उलटं हाय. भजनाची पेटी उघडून बघा, खालच्या सुराची पितळी पट्टी लांब असती. काड्या दोन बोटं वाढवाव्या लागत्यात."

ते हसले. "बन्सी, हे भजन नाही, विज्ञान आहे. तू पाना धर."

मी पाना धरला, त्यांनी काड्या कापल्या. काड्या वाढवायला पितळी नळीचे पाच तुकडे घरून करून आणले होते, ते पिशवीतच ठेवले. होऊ दे फजिती, म्हटलं. चारचौघांत नाक कापलं गेल्याशिवाय हा माणूस सुधारायचा नाही. मनातून मला गुदगुल्या होत होत्या.

चाचणीच्या दिवशी मामलेदार जामखेडला सेटपाशी बसले. आवाज आला तर खर्ड्याचा टँकर रोजचा करतो, असा त्यांनी शब्द दिला होता. खर्ड्याच्या चावडीत काकासाहेब टाय लावून अर्धा तास माइकमध्ये ओरडले. पलीकडून खरखरसुद्धा आली नाही. आखूड काड्यांचा अँटेना जुळेना म्हणून डोंगरावरच्या रिपीटरमधला, मुंबईहून मागवलेला ट्रान्झिस्टर पहिल्याच मिनिटात जळाला होता. मामलेदार उठून गेले आणि पुन्हा आले नाहीत.

"हवामान अनुकूल नव्हतं," काकासाहेबांनी लोकांना सांगितलं, आणि लोकांनी माना डोलावल्या. नाक जागच्या जागी होतं.

लंकाबाई चावडीच्या दारात उभी होती. "दादा, मग टँकर रोज येनार न्हवं?"

मी पिशवी पाठीमागे केली. तुकडे आत वाजले. काकासाहेबांना काड्यांचं काही कळत नव्हतं. मला कळत होतं.