सूचक कोण, अनुमोदक कोण

आमच्या शाळेत सभेचे इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशी लिहिले जाते. यात कोणाला लबाडी दिसत नाही, सोय दिसते. शिक्षक-पालक संघाची सचिव या नात्याने गेली सात वर्षे मी ते लिहीत आहे. मुख्याध्यापक खुशालराव गावंडे मजकूर सांगतात, मी उतरवून घेते, दुसऱ्या दिवशी माणसे जमतात, चहा घेतात आणि आधीच होऊन गेलेल्या सभेवर सह्या करतात. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशा दोन जागा तेवढ्या कोऱ्या सोडाव्या लागतात. सभेत ज्याचा हात आधी वर जाईल त्याचे नाव तिथे घालायचे. त्या जागा कधी रिकाम्या राहतील असे कोणाच्या मनात आले नव्हते.

२०२२च्या फेब्रुवारीत झालेल्या त्या शनिवारच्या सभेपुढे एकच विषय होता. जठारपेठेतली आमची शाळा दोन वर्षांच्या उघडझापीनंतर एक दिवसाआड, अडीच तास भरत होती. ती सोमवारपासून रोज, अकरा ते पाच, भरवायची की नाही ते ठरवायचे होते. शासनाने निर्णय स्थानिक पातळीवर सोपवला होता. निर्णय चुकला तर तो कोणाचा होता, एवढे शासनाने अर्थातच आधी ठरवून ठेवले होते.

सभेपूर्वी ललिता तायडे मला प्रयोगशाळेच्या दारात भेटली. ती रुग्णालयात परिचारिका आहे, जुन्या शहरात भाड्याने राहते. नवरा वनविभागात, गडचिरोलीला. मुलगी प्रियदर्शनी आमच्याकडे सहावीत. ललिता पाळीवर असताना घरमालकीण मुलीकडे बघत असे. जानेवारीत तिने ते बंद केले, कारण विचारल्यावर दार लावून घेतले. त्यानंतर ती अकरा वर्षांची मुलगी रोज सहा-सात तास आतून कडी लावून एकटी राहत होती.

"सोमवारपासून पुरी शाळा झाली तं पोरीले ठेवते इथं," ललिता म्हणाली. "नाई तं माझा दादा येऊन घेऊन जाते तिले अमरावतीले. तिथंच नाव टाकू. दाखल्याचा अर्ज लिहून आनला मी, मॅडम. तुमीच सांगा, देऊ का फाडू?"

"सभा होऊ द्या," मी म्हणाले. त्या क्षणी माझ्यापाशी याहून चांगला सल्ला नव्हता.

सभा सत्काराने सुरू झाली. लसीकरण मोहिमेत नोंदी ठेवल्याबद्दल चार शिक्षकांना शाल आणि श्रीफळ देण्यात आले. छायाचित्रकाराने "फोटोपुरते मास्क काढा" असे सांगितल्यावर व्यासपीठावरील अकरा जणांनी मास्क काढले, खांद्याला खांदा लावला आणि श्वास रोखून हसले. नंतरचे दोन तास शाळेतल्या सुरक्षिततेची चर्चा झाली.

शिक्षक संघटनेच्या वतीने बंडू काळमेघ उठले. काळमेघ सर गणित शिकवतात, आणि ते चांगले शिकवतात याची साक्ष त्यांच्या घरच्या शिकवणीला बसणारी चाळीस मुले देतील. बारा फूट बाय पंधरा फुटांच्या एका खोलीत ती शिकवणी नोव्हेंबरपासून अखंड सुरू होती.

"पूर्ण वेळ म्हणजे मुलं डबा खाणार," काळमेघ म्हणाले. "डबा खाणार म्हणजे मास्क काढणार. मास्क काढला की पुढे कोण उभा आहे? शिक्षक. संघटनेची मागणी स्पष्ट आहे. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक विद्यार्थ्याची चाचणी, तरच पूर्ण वेळ."

"सर, तुमच्या शिकवणीत कोणती चाचणी होते?" मागून एक बाई म्हणाल्या. "रविवारची गणिताची सोडून."

लोक हसले. काळमेघही हसले, त्यांनी प्रश्न विनोदात जमा करून टाकला.

पालकांच्या वतीने संघाचे उपाध्यक्ष ॲडव्होकेट रविकांत मोहरील उठले. गेल्या वर्षी 'मुलांच्या जिवाशी खेळू नका' असे निवेदन देऊन शाळा बंद ठेवायला लावणारे तेच होते. या वर्षीच्या निवेदनाचे शीर्षक 'मुलांच्या भवितव्याशी खेळू नका' असे होते. दोन्हींच्या मधल्या काळात त्यांच्या पुतणीचे लग्न तीनशे माणसांत पार पडले होते.

"शाळा पूर्ण वेळ झालीच पाहिजे," मोहरील म्हणाले. "मात्र संमतीपत्रावर पालक सही करणार नाहीत. सही केली म्हणजे उद्या काही झालं तर जबाबदारी आमची."

"मग कोणाची?" काळमेघ म्हणाले. "आमची? शिक्षकाचा जीव काय उकिरड्यावर सापडला का, वकीलसाहेब?"

"जबाबदारी प्रशासनाची."

"प्रशासन म्हणते, शाळेची."

"मग शाळेनं घ्यावी."

खुशालरावांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

मी बोलण्याची परवानगी मागितली. गेल्या चार आठवड्यांत शाळेच्या चारशे बारा विद्यार्थ्यांपैकी पाच जण बाधित आढळले होते. पाचही घरांत मी स्वतः फोन केला होता. पाचांपैकी चार मुले एकाच लग्नाला गेली होती, पाचव्याच्या वडिलांना आधी कोरोना झाला होता. वर्गात शेजारी बसणाऱ्या एकालाही लागण झाल्याची नोंद नव्हती. संख्या लहान आहे, सर्वांची चाचणी झालेली नाही, त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हेही मी सांगितले. ते सांगितले नसते तर कदाचित माझे ऐकले गेले असते. आपल्याकडे शंका बोलून दाखवणारा माणूस कच्चा समजला जातो.

"मॅडम, आकडे राहू द्या," मोहरील म्हणाले. "अनुभव सांगा. आणि ते लग्न कोणाचं, याचा इथे संबंध नाही."

लग्न कोणाचे, हे मी म्हटले नव्हते.

साडेपाचपर्यंत दोन्ही पक्ष जिथे होते तिथेच होते. तेव्हा कापडाच्या दुकानाच्या मालकीण रागिणीताई उठल्या. त्यांचा मुलगा प्रियदर्शनीच्याच वर्गात आहे.

"मी कोणाचं नाव घेत नाही," त्या म्हणाल्या. सभेत हे वाक्य आले की सर्वांना नाव कळलेले असते. "पण काही मुलांच्या घरची माणसं रोज दवाखान्यात जातात. पेशंटला हात लावतात. तेच हात घरी येतात. अशी मुलं महिनाभर घरी थांबली, तर बाकीच्यांना काय भीती आहे?"

दुपारपासून पहिल्यांदाच सभागृहात एकमत झाले. काळमेघांनी टाळी वाजवली, मोहरीलांनीही वाजवली. चाचणी, डबा, संमतीपत्र, सगळे एका क्षणात गौण ठरले. विषाणू कुठे आहे ते सापडले होते: तो शेवटच्या रांगेत, पाळी संपवून थेट आलेल्या एका परिचारिकेपाशी उभा होता. त्या सभागृहात नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क फक्त तिचा होता. तिला लसीच्या तीन मात्रा मिळालेल्या होत्या. इतरांपैकी किती जणांना दोन मिळाल्या होत्या हे विचारण्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. कोणीही मागे वळून पाहिले नाही, तरीही तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या थोड्या थोड्या सरकल्या. अंतर राखण्याचा सराव आपल्याकडे या विषाणूपेक्षा बराच जुना आहे.

"एक इचारू का?" ललिता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मोहरील साहेबाचे भाऊ डॉक्टर हायत. त्यायचा पोरगा आठवीत हाय. तोबी घरी राहीन ना?"

मग मोहरीलांनी घसा साफ केला. "डॉक्टरांचा प्रश्न वेगळा आहे. डॉक्टरांना काळजी कशी घ्यायची ते माहीत असतं."

"त्यायले कोन शिकवते मंग? वार्डात हात कसे धुवाचे ते नव्या डॉक्टरायले आमीच सांगतो, साहेब."

"ताई, वैयक्तिक घेऊ नका," खुशालराव म्हणाले.

"पोरगी माझी हाय. वैयक्तिक नाई तं काय सामुदायिक घेऊ?"

कोणीतरी हसले आणि लगेच खोकल्यासारखे केले. मात्र ठराव पुढे सरकला. त्याची शब्दरचना मोहरीलांनी केली, आणि ती निर्दोष होती: 'सोमवारपासून शाळा पूर्ण वेळ भरवावी, तथापि, ज्यांच्या कुटुंबातील सदस्य, वैद्यकीय व्यावसायिक वगळून, रुग्णालयीन सेवेत आहेत, अशा विद्यार्थ्यांनी पुढील एक महिना घरूनच अध्ययन करावे.' मी तो शब्दशः लिहून घेतला, मोठ्याने वाचून दाखवला आणि नेहमीप्रमाणे विचारले, "सूचक?"

मी पेन उघडे धरून थांबले होते. रागिणीताई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

"सूचक तुम्हीच, ताई," मी म्हणाले. "कल्पना तुमची आहे."

"नाही बाई, मी आपलं सुचवलं फक्त."

"सुचवणाऱ्यालाच सूचक म्हणतात."

"माझं नाव नको. उद्या पेपरात आलं तर? आमचं दुकान आहे."

"मोहरील साहेब?"

"मी शब्दरचना केली, एवढंच. वकील म्हणून. पक्षकार म्हणून नाही."

"काळमेघ सर, अनुमोदक म्हणून?"

"संघटना या विषयात तटस्थ आहे," दहा मिनिटांपूर्वी टाळी वाजवणारे काळमेघ म्हणाले. मग समजुतीच्या सुरात पुढे म्हणाले, "काऊन अडून राहिल्या मॅडम तुम्ही? सभागृहाची भावना, असं लिहा ना."

"भावनेला सही करता येत नाही, सर."

मी रांगेने विचारत गेले. एकशे साठच्या आसपास माणसे होती. एकही हात ठरावाविरुद्ध वर झाला नाही आणि एकही हात ठरावाखाली यायला तयार झाला नाही. जे करायची सर्वांची इच्छा होती ते केल्याचे कोणालाही म्हणवून घ्यायचे नव्हते. अर्ध्या तासाने खुशालरावांनी 'तथापि'पासून पुढचा भाग वगळायला सांगितला. उरलेल्या अर्ध्या ठरावाला तत्काळ सात सूचक मिळाले. शाळा सोमवारपासून पूर्ण वेळ भरणार होती. "बाकीचं मी पाहतो," खुशालराव म्हणाले, आणि त्या तीन शब्दांवर सभागृह निश्चिंत होऊन घरी गेले.

बाकीचे त्यांनी रविवारी सकाळी फोनवर पाहिले. ललिताने ते संभाषण मला नंतर सांगितले. मुख्याध्यापक फार गोड बोलले. महिनाभर मुलीला पाठवू नका, अभ्यास घरी देऊ, हजेरी लावू, आपसात समजून घ्या. ललिताने ऐकून घेतले आणि भावाला उद्या येऊन थांबायला सांगितले.

सोमवारी पावणेअकरा वाजता ती मुलीला घेऊन फाटकाशी आली. रस्त्यापलीकडे तिचा भाऊ धर्मेंद्र अमरावतीच्या नंबरप्लेटची मोटारसायकल लावून उभा होता. मागच्या सीटला मुलीच्या कपड्यांची पिशवी दोरीने बांधलेली होती. मी फाटकावर तापमान तपासायच्या कामावर होते. खुशालराव धावत खाली आले.

"ताई, आपलं काल बोलणं झालं ना."

"झालं. तुमी नाई म्हनले. मी आयकलं."

"मग?"

"मंग लेखी द्या. 'हिची आई दवाखान्यात काम करते म्हनून हिले शाळेत घेत नाई,' एवढं लिहा, शिक्का मारा. मी हिले या घडीले दादासोबत पाठवते."

"लेखी कशाला? आपण घरचेच लोक."

"घरच्या मानसाले फाटकावर उभं ठेवते का कोनी, सर?"

फाटकाशी आठ-दहा पालक थांबले होते. शनिवारी यांच्यापैकी बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता ते मुलांच्या दप्तरांचे बंद नीट करत होते. खुशालरावांनी मागोमाग आलेल्या काळमेघांकडे पाहिले. काळमेघांना आपला तास तळमजल्यावर असल्याचे आठवले. मग खुशालराव बाजूला जाऊन मोहरीलांशी फोनवर बोलले. त्या एका मिनिटाच्या फोनमध्ये, माझ्या माहितीप्रमाणे, मोहरीलांनी संघाच्या उपाध्यक्षपदी आल्यापासूनचा पहिला बिनचूक सल्ला दिला: लेखी काहीही देऊ नका.

खुशालराव परत आले. देण्यासारखा कागद त्यांच्यापाशी नव्हता, तेव्हा त्यांनी मला म्हटले, "तपासा तापमान, उशीर होतोय."

प्रियदर्शनी आत गेली. ललिताने पर्समधून दाखल्याचा अर्ज काढला, चार तुकडे केले आणि ते परत पर्समध्ये टाकले. रस्त्यावर कचरा टाकायची तिला सवय नसावी. रस्ता ओलांडून तिने भावाच्या गाडीची दोरी सोडली आणि पिशवी खांद्याला लावली.

"जाय आता दादा," ती म्हणाली. "उन्ह तापायच्या आत मूर्तिजापूर तरी गाठ."

पाच वाजता ती मुलीला न्यायला आली. सहावीच्या वर्गावर माझा शेवटचा तास होता, आणि तिथे पाहिलेले तिला सांगणे भाग होते. प्रियदर्शनीला वर्गशिक्षकांनी एकटीला एका बाकावर, उघड्या खिडकीशेजारी, इतरांपासून सहा फुटांवर बसवले होते. बाकीची मुले एकेका बाकावर तीन-तीन, डोक्याला डोके लावून बसली होती. जिल्हा प्रशासनाच्या परिपत्रकात 'एका बाकावर एक विद्यार्थी, खिडक्या उघड्या' असे स्पष्ट लिहिले आहे. ते वर्गाच्या दारावरच चिकटवलेले होते.

ललिताने मुलीची पाण्याची बाटली हातात घेतली. प्रियदर्शनी खिडकीतून दिसणाऱ्या भटक्या मांजराबद्दल काहीतरी सांगत होती.

"एकटीच बसवली?" ललिताने मला विचारले.

"हो."

"खिडकीपाशी?"

"हो. मी उद्या मुख्याध्यापकांशी बोलते."

"तिच्यासाठी नका बोलू, मॅडम. तिले तं बरोबर बसवलं," ललिता म्हणाली. "बाकीच्या पोरायचं काय करता ते पाहा."