डोंगरामागच्या घिरट्या

विमान मोठं बोलघेवडं असतं. मी इथे आहे, आता इथे आहे, असं रेडिओवरून सारखं सांगत सुटतं. ऐकणारं यंत्र तेवढं हवं. पण मध्ये डोंगर आला की यंत्र ठार बहिरं! कार्यशाळेत सगळे जिला ताई म्हणत, तिचा नवरा औषधांचं छोटं विमान घेऊन रोज डोंगरामागे जायचा आणि पडद्यावरचा त्याचा ठिपका गडप व्हायचा. तो पुन्हा दिसेपर्यंत ताईच्या जिवात जीव नसे. त्यात स्वारी रोज उशिरा उगवणार. विचारलं तर म्हणे, "वारा उलटा होता." मेला रोज कसा उलटा असेल वारा?

म्हणून तर तिने हट्टाने यंत्र फुग्याला टांगायचं काढलं. ढगांच्याही वर गेल्यावर डोंगराची काय मिजास! वरच्या थंडीत बॅटरी गारठू नये म्हणून तिने यंत्राच्या डब्याला आतून नवऱ्याचा जुना स्वेटर कापून लावला. फुगा भरणारा ढोल्या म्हणाला, "ताई, डबा आहे की तान्हं बाळ?"

"गप गॅस भर."

फुगा वर गेला, विमान डोंगरामागे शिरलं, आणि ठिपका दिसतच राहिला! ढोल्याने टाळ्या पिटल्या. ताई मात्र पडद्यावर वाकली. ठिपका एका जागी गोल फिरत होता. इंजिन बिघडलं की काय? दोन घिरट्या झाल्या आणि ठिपका निमूट परतीला लागला. तिने नकाशा मोठा करून पाहिला. घिरट्यांच्या मधोमध सासूबाईंचं घर होतं.

लग्नाच्या वेळी सासूबाईंनी मुलाला बजावलं होतं, "तिला करशील तर माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस." ताई काय कमी होती? सासूबाई मानाने बोलावेपर्यंत तिथे पाऊल ठेवायचं नाही, असं वचन तिनेही नवऱ्याकडून घेतलं होतं.

नवरा उतरला तशी ती पुढे झाली. "आज काय, उलटा वारा गोल फिरत होता?"

तो ओशाळला. "पाऊल कुठे ठेवलं मी? दोघींचाही शब्द पाळला."

"आणि त्या?"

"आवाज ऐकून गच्चीवर येते, हात हलवते. आधी तिथे एकच खुर्ची असायची. हल्ली तीन मांडून ठेवते."

ताईला रडूच फुटलं. "अरे शहाण्या, मग सांगितलं का नाहीस?"

"खुर्च्यांचं सांगायचं तर घिरट्यांचंही सांगावं लागलं असतं!"

तिने डोळे पुसले. "उद्या गाडीने जायचं. आणि आधी फोन कर, नाहीतर त्या बिचाऱ्या वरच बघत बसतील."