तिसऱ्या गिअरची खरखर

मित्रांनो, मी एका जुन्या मालट्रकचा गिअरबॉक्स आहे, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे.

कारखान्यात माझे दाते कापले, तेल भरलं आणि मला ट्रकच्या पोटाशी बसवलं. नव्या गाड्यांत गिअर आपसूक जुळतात. माझे नाही जुळत. माझ्यासाठी क्लच दोनदा दाबावा लागतो. खालचा गिअर टाकताना तर मध्ये इंजिनाला जोर द्यायचा, आवाज पुरेसा चढला की गिअरचा दांडा सरकतो. सगळा खेळ कानाचा.

आमच्या ड्रायव्हरने तीस वर्षं मला असं चालवलं की शेजारी झोपलेल्यालाही गिअर बदललेला कळत नसे. मग त्याचा गुडघा गेला. आता लेकीने चालवायचं ठरलं. सोमवारी खडीच्या कंपनीत तिची चाचणी होती. पास झाली तर नोकरी, नाहीतर घरात कमावतं कोणी नाही.

शिकवायला बाप शेजारी बसायचा. तिने दांड्याला हात लावला की हा सुरू. "अगं दाब! सोड! आत्ता नाही, आत्ता! बहिरी आहेस का?"

बहिरी म्हणे! हा घसा फोडून ओरडणार, मग तिला इंजिन ऐकू येणार कसं? माझे दाते खरखरले की बिचारीला घाम फुटायचा. आणि या शहाण्याने शिकताना पहिल्याच महिन्यात माझ्या तिसऱ्या गिअरचा दाता उडवला होता! तेव्हा याच्या उस्तादाने ब्रसुद्धा काढला नाही. हे मात्र साहेब सोयीस्करपणे विसरले.

शनिवारी खडी भरून आम्ही उताराला लागलो. खालचा गिअर उतार सुरू होण्याआधी, वरच टाकायचा असतो. ओरडण्याच्या नादात याने तेच सांगितलं नाही. निम्म्या उतारावर तिने चौथा काढला, तिसरा पडेना. ट्रक मोकळा धावू लागला. याने दांड्यावर झडप घातली.

"बाबा, हात काढा! एक शब्द बोलू नका!"

त्याने हात काढला, आणि इंजिन ऐकू येऊ लागलं. तिने ब्रेक दाबून वेग आवरला, क्लच सोडून इंजिन चढवलं, कान दिला, पुन्हा क्लच दाबला. तिसरा पडला. जरासुद्धा आवाज झाला नाही.

खाली वजनकाट्यावर हा छाती फुगवून सांगतो, "मीच तयार केलंय तिला!" माझं तेल उकळलं.

"सोमवारी मी एकटी जाणार," लेक म्हणाली.

गेली. दोनदा माझे दाते खरखरले, तरी पास झाली.

मित्रांनो, शिकणाऱ्याच्या हातून खरखर होणारच. ती सोसायला माझे दाते आहेत. तुम्ही तेवढं तोंड मिटा.