पाठमोरा पाहुणा

"पहिला बर्फ पडायच्या आत एक जरी पाहुणा दुसऱ्यांदा आला, तर सराई चालू ठेवू. नाही आला, तर दाराला कुलूप आणि आपण नागोयाला," असं आमच्या यांनी मुळा कापता कापता जाहीर केलं.

पैज लावताना माणसाने निदान हरण्याची थोडी तरी सोय ठेवावी. यांनी ती ठेवली नव्हती. आमच्या मिझोकुरा गावात दुसऱ्यांदा कुणी येत नाही, हे यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, समोरच्या टोफूवाल्या कियोआजींच्या मांजरालाही ठाऊक होतं. लोक येतात, एक रात्र राहतात, लाकडी गजांच्या जाळीची जुनी घरं बघतात, ओढ्यातला मासा मीठ लावून भाजलेला खातात, 'पुन्हा नक्की येऊ' म्हणतात आणि जातात. 'पुन्हा नक्की येऊ' म्हणजे आमच्याकडे 'बरंय, निघतो' एवढंच असतं. ते खरं धरून कुणी वाट बघत बसत नाही.

त्यात माझं माहेर खिंडीच्या पलीकडचं. तेही असंच जुन्या वाटेवरचं मुक्कामाचं गाव, घरं तशीच, जाळ्या तशाच, पण तिथं फोटो काढायला रांग लागते. माझा भाऊ तिथं हिरव्या चहाचं आइस्क्रीम विकतो आणि त्याला जेवायला फुरसत नसते. यावरून मी इतकी वर्षं ऐकतेय. "तुझ्या माहेरची गर्दी हुंड्यात आणली असतीस तर!" असं हे दर नव्या वर्षाला म्हणतात आणि स्वतःच हसतात.

नागोयाला आमच्या मुलीने तिच्याच इमारतीत आमच्यासाठी घर बघून ठेवलं होतं. सातवा मजला, थंडीत जमीन आपोआप गरम होते म्हणे. मुलगी गुणाची आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला सराई सोडायची नव्हती. या घरात मी सून म्हणून आले, या चुलीवर माझे हात भाजले, सासूचे टोमणे याच ओसरीवर ऐकले. सातव्या मजल्यावर माझं काय होतं?

पैजेनंतर महिनाभर कुणीच आलं नाही. मग एका संध्याकाळी मुनाकाता-सान आले.

ते लांब सायतामाकडचे, एका कचेरीत काम करणारे, पन्नाशीचे, पाठीवर पिशवी आणि हातात घडी घालून घालून फाटलेला नकाशा. गर्दीची गावं टाळून जुनी, कुणाला माहीत नसलेली गावं बघत हिंडायचा त्यांना नाद होता. आमच्या रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्यांनी दोन्हीकडे बघितलं आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! इथं कुणीच नाहीये!"

"आम्ही आहोत ना," हे म्हणाले.

मुनाकाता-सान इतके ओशाळले की जेवण होईपर्यंत माफी मागत होते. माणूस सज्जन. सज्जन म्हणजे किती, तर दिवा लावल्याबद्दल आभार, विझवल्याबद्दल आभार. यांना तो मनापासून आवडला, पण तसं दाखवतील तर हे कसले! "उद्या जाईल आणि विसरेल," एवढंच म्हणाले.

आता दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते नीट कळायचं तर आमचा रस्ता डोळ्यांपुढे आणावा लागेल. जुन्या मुक्कामाच्या गावांना दोन्ही टोकांना मुद्दाम वळण दिलेलं असतं, शत्रू एकदम घुसू नये म्हणून. आमचंही होतं. पण पणजोबांच्या काळात आग लागली, गाव जळलं, आणि कुण्या सरकारी साहेबाने पुन्हा बांधताना रस्ता सरळ पट्टीने आखून दिला. त्यामुळे सराईच्या दारातून पार पुलापलीकडचा बसथांबा दिसतो. आणि पाहुणा नजरेआड होईपर्यंत दारात उभं राहून निरोप द्यायचा, ही आमची रीत. वळण असलेल्या गावात पाहुणा चटकन वळणाआड जातो आणि सगळे सुटतात. आमच्याकडे तो जातच नाही. चालत राहतो आणि दिसत राहतो.

तर मुनाकाता-सान निघाले. आम्ही दोघं दारात वाकलो. ते चार पावलं जाऊन वळले आणि वाकले. ते वाकले म्हणून आम्ही पुन्हा वाकलो. कियोआजी झाडू घेऊन बाहेर आल्या आणि वाकल्या. मग त्यांच्यासाठी मुनाकाता-सान थांबले. महिनाभराने गावात पाहुणा आलेला, तेव्हा घराघरातून माणसं बाहेर आली. कुणी मुळे वाळत घालायचं सोडून, कुणी तोंडात दात घासायचा ब्रश तसाच ठेवून. त्या सज्जन माणसाला कुणाकडेही पाठ करून पुढे जाववेना. शेवटी शेवटी तर ते उलटे चालत होते. पुलावर पोचेपर्यंत बस सुटली. ड्रायव्हर ओगिसो वेळेचा इतका पक्का की त्याने खिडकीतून मान वाकवून माफी मागितली, पण ब्रेक काही लावला नाही.

खाली स्टेशनला जाणारी आमची बस दिवसातून एकच. तालुक्याचा एकुलता एक टॅक्सीवाला मूळव्याधीच्या ऑपरेशनला गेलेला. कियोआजींच्या मुलाच्या गाडीतून सोडतो म्हटलं, तर "तुमची कामं टाकून माझ्यासाठी कशाला त्रास!" म्हणून मुनाकाता-सान दोन्ही हात हलवायला लागले. गपचूप परत आले आणि सराईच्या उंबऱ्याशी पिशवी ठेवून म्हणाले, "माफ करा. आजची रात्र जागा असेल का?"

जागा! आमच्याकडे जागेशिवाय होतं काय? मी यांच्याकडे बघितलं. मला हसू आवरेना.

"आला," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा."

"कसला आला?" हे म्हणाले. "गेलाच नव्हता तो. न गेलेला माणूस येईल कसा?"

"बिल दिलं. बूट घातले. पुलापर्यंत गेला. आणखी काय करायला हवं होतं त्याने, मरायला?"

"बसमध्ये बसायला हवं होतं. त्याचं अंथरूण अजून गरम आहे, हात लावून बघ!"

मी खरोखरच जाऊन हात लावला. थंडगार होतं. तसं सांगितलं तर म्हणाले, खोलीच थंड आहे, त्याला अंथरूण काय करणार.

दुपारपर्यंत गावात दोन तट पडले. कियोआजींना पंच केलं. त्या नव्वदीला टेकलेल्या, पण जीभ पंचविशीची. टोफूच्या पाण्यातून हात न काढता त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या.

"तामोत्सु," त्या यांना म्हणाल्या, "तू लहानपणी शाळेला म्हणून निघायचास आणि ओढ्यावरून परत यायचास. तेव्हा तुझी आई काय म्हणायची, आलास, की गेला नव्हतास?"

"काठी घ्यायची. म्हणायची काहीच नाही."

"मग मीही काही म्हणत नाही. दोघंही टोफू घ्या आणि चालते व्हा."

निकाल लागला नाही. रात्री जेवताना आमचं पुन्हा जुंपलं. आमच्या भिंती म्हणजे कागदाची सरकती दारं, पलीकडचा माणूस कूस बदलतो तेही ऐकू येतं. थोड्या वेळाने दार बोटभर सरकलं आणि मुनाकाता-सान गुडघ्यांवर बसून जमिनीला कपाळ टेकलेले दिसले.

"माझ्यामुळे तुमच्या संसारात भांडण," ते म्हणाले. "मी वसंतात पुन्हा येईन. नक्की येईन."

"हो, हो," हे म्हणाले. "सगळेच येतात."

मला त्या वेळी यांचा राग आला. पण चेहरा बघितला तर तो पैज जिंकणाऱ्याचा चेहरा नव्हता. वर्षानुवर्षं 'पुन्हा येऊ' ऐकून घेऊन दारात उभा राहिलेल्या माणसाचा होता. मी यांना भात वाढला.

मुनाकाता-सानना मात्र उद्या जाणं भागच होतं. फोनवर त्यांच्या साहेबाचा आवाज मला चुलीपाशी ऐकू येत होता आणि हे गृहस्थ त्या न दिसणाऱ्या साहेबाला वाकून वाकून माफी मागत होते. एकदा तर डोकं खांबाला आपटलं, तर त्यांनी खांबाचीही माफी मागितली. ते बघून मी ठरवलं, पैज राहू दे बाजूला, या माणसाची नोकरी गेली तर पाप माझ्या माथी. मी घरोघर फिरले. "उद्या सकाळी कुणीही बाहेर यायचं नाही. दारं बंद. तो पुलापलीकडे जाईपर्यंत झाडूसुद्धा दिसायला नको."

लोकांना ते पटेना. "पाहुणा जाणार आणि आम्ही आत बसायचं? तो काय वीजमीटर बघायला आलाय?" असं एक जण म्हणाला. पण शेवटी सगळे कबूल झाले. यांनी तर सर्वांत आधी मान डोलावली. यांना काय, पाहुणा बसमध्ये बसला की पैज खिशात.

सकाळी मी मुनाकाता-सानना आतच निरोप दिला. "मागे बघू नका," मी बजावलं. "आज कुणी असणार नाही. कुणाला राग आलाय म्हणून नव्हे हं, तुमची बस चुकू नये म्हणून."

"समजलं," ते म्हणाले. मी दार ओढून घेतलं.

मग आम्ही दोघं जाळीला नाक लावून उभे राहिलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोर कियोआजींच्या जाळीमागे काहीतरी हलत होतं, शेजारीही. अख्खं गाव श्वास रोखून गजांमागे उभं होतं आणि मुनाकाता-सान भराभर चालले होते. छान चालले होते. पुलापर्यंत पोचले, पलीकडे बस उभी होती.

आणि तिथं ते वळले. सांगून ठेवलं होतं, तरी वळले.

त्या रिकाम्या रस्त्याकडे, बंद दारांकडे त्यांनी क्षणभर बघितलं. मग पिशवी खाली ठेवली, हात मांड्यांना लावले आणि कुणीही नसलेल्या गावाला पार कमरेतून वाकून नमस्कार केला आणि ते बसकडे वळले.

शेजारी हे काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, "हलू नका हं. त्यांना बसमध्ये बसू द्या."

"पाठमोरा माणूस एकटा जातोय," हे म्हणाले. "या दारातून असं कधी कुणी गेलं नाही."

"अहो, पैज—"

"खड्ड्यात गेली पैज!"

यांनी दार इतक्या जोरात सरकवलं की ते खोबणीतून निघालं. चपलासुद्धा घातल्या नाहीत. नुसत्या मोज्यांवर रस्त्याच्या मधोमध धावत गेले आणि वाकले. यांची पाठ दुखते, एरवी कपाटाखालची काडेपेटी काढायला मला हाक मारतात. पण त्या दिवशी असे वाकले की मला यांचं टक्कल मागून दिसत नव्हतं.

मग काय, सगळ्या गावाची दारं उघडली. कियोआजी, त्यांचा मुलगा, दात घासणारा, मुळेवाली, सगळे रस्त्यावर. लहान मुलांसारखे हात हलवत होते. आवाज ऐकून पुलावर मुनाकाता-सान मागे वळले, त्यांचा चेहरा लांबूनही खुललेला दिसला. ते वाकले. आम्ही वाकलो. ते पुन्हा वाकले. त्यांच्या मागून बस निघाली आणि खिडकीतून ओगिसोची मान वाकली.

बस गेली. मुनाकाता-साननी पिशवी उचलली आणि ते गावाकडे चालत यायला लागले. निरोपाला वाकलेले लोक आता सरळ व्हावं की स्वागताला तसंच राहावं, या पेचात अर्धवट वाकून उभे होते. हे मात्र तसेच होते, मोज्यांवर, रस्त्याच्या मधोमध. मुनाकाता-सान समोर येऊन थांबले तेव्हा कुठे यांनी मान वर केली.

"माफ करा," मुनाकाता-सान म्हणाले, "मी पुन्हा आलो."

"पुन्हा काय पुन्हा!" हे वैतागून ओरडले. "तिसऱ्यांदा आलात! मोजता येत नाही का?"

मी यांच्याकडे बघितलं, कियोआजींनी यांच्याकडे बघितलं. आपण काय बोललो ते यांच्या ध्यानात आलं तेव्हा कान आधी लाल झाले, मग मान.

"ऐकलंत ना?" कियोआजी म्हणाल्या. "मी म्हातारी आहे, मला कमी ऐकू येतं. पण हे ऐकू आलं."

यांनी मुनाकाता-सानच्या खांद्यावरची पिशवी ओढून आपल्या खांद्यावर घेतली आणि सराईकडे चालायला लागले. माझ्याजवळून जाताना न बघता म्हणाले, "मुलीला फोन कर. सांग, ते घर दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणावं."

"तुम्हीच सांगा ना."

"मला नाही जमायचं. कारण विचारेल." दोन पावलं गेले आणि थांबले. "सातव्या मजल्यावर सकाळी दारात उभा राहून मी कुणाला बघणार होतो गं?"

मला रडू आलं, म्हणून मी यांच्या दवाने ओल्या झालेल्या मोज्यांवरून यांना झापलं आणि आत शिरण्याआधी ते काढायला लावले.