शब्दास शब्द

सन १९५७च्या चैत्रातला एक शनिवार. ठाकूरद्वारचे कमलाकांत विजयकर नेहमीच्या वेळी जेवले, पत्नी यशोदाबाईंनी लावून दिलेला विडा तोंडात टाकला आणि फोर्टातल्या कचेरीत आपल्या टेबलाशी जाऊन बसले. बावीस वर्षं ते सरकारी भाषांतरकार होते. पूर्वी गोऱ्या साहेबांसाठी मराठी वर्तमानपत्रं इंग्रजीत उतरवीत. आता आपल्याच सरकारसाठी स्थानबद्धांची पत्रं. स्थानबद्ध म्हणजे गुन्हा शाबीत न करता, खटलाही न भरता, ‘पुढे काही करील’ एवढ्या संशयावर कोंडून ठेवलेला माणूस.

त्या दिवशीचं पहिलं पत्र परळच्या एका चाळीतलं होतं. गिरणी कामगार भिवा जाधव याला संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटताना पकडलं होतं. त्याची बायको बकुळा हिने शेजारच्या वसंतकडून लिहून घेतलं होतं :

‘कांताला देवी आल्या आहेत. चार दिवस झाले. सर्वांगावर आल्या आहेत. सारखं तुमचं नाव घेते. कसंही करून या.’

कांता ही त्यांची सहा वर्षांची मुलगी, हे कमलाकांतांना आधीच्या पत्रांवरून ठाऊक होतं. देवी म्हणजे काय, हेही कुठल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण कचेरीचं परिपत्रक होतं : भाषांतर शब्दास शब्द करावं, स्वतःचा अर्थ घालू नये. मागच्या साली त्यांनी एका पत्राच्या कडेला खुलासा लिहिला होता, त्याबद्दल लेखी ताकीद मिळाली होती. पेन्शनला तीन वर्षं उरली होती. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, ‘कांताकडे देवता आल्या आहेत.’ साहेबांना तोंडी सांगू, असं ठरवून ते उठले, तर साहेब पुण्याला गेलेले. सोमवारी सांगू, म्हणून ते घरी गेले.

सोमवारी कागद शेरा घेऊन परत आला. साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, की या कुटुंबाने नुकताच बौद्ध धर्म स्वीकारला आहे, घरातले देव काढून टाकले आहेत. मग या देवता कोण? हा सांकेतिक शब्द दिसतो. पत्र रोखावं. घरावर नजर ठेवावी. संशय कशावरून आला, हे कुणाला कळू देऊ नये.

आता खुलासा करायचा, तर शनिवारी गप्प बसल्याचं कबूल करावं लागणार होतं. कमलाकांतांनी कागद फायलीत लावला.

चाळीच्या दाराशी साध्या वेषातले दोघे येऊन बसले. त्यांनी वसंतला चौकीवर नेलं आणि भिवाच्या घरी कोण येतं, कोण जातं, एवढंच दोन दिवस विचारलं. देवीचा शब्दही कुणी काढला नाही. वसंत सुटून आला आणि त्याने दाराला आतून कडी घातली. त्याचं पाहून साऱ्या चाळीने तेच केलं. एरवी असल्या दुखण्यात दवाखान्याची गाडी आणायला चार माणसं धावली असती. आता जाधवांच्या कामासाठी धावलेला माणूस टिपला जाईल, ही धास्ती. पोरीला सोडून बकुळेला हलता येईना. शेजारणी पाण्याचा हंडा उंबऱ्यात ठेवून मागे न बघता निघून जात. ही बायका-माणसं दुष्ट नव्हती. त्यांना भिववलं होतं.

दुसरं पत्र आलं, तेही रोखलं गेलं. तिसरं बकुळेने स्वतः लिहिलं होतं, साक्षरतेच्या वर्गात शिकलेल्या वाकड्या अक्षरांत : ‘कांता गेली. तुम्ही आला नाही. एक कार्डसुद्धा धाडलं नाही.’

कमलाकांतांनी तेही शब्दास शब्द उतरवलं. तासाभराने साहेबांनी बोलावून घेतलं आणि विचारलं, ही कांता कुठे गेली? पत्ता आहे का?

“साहेब, ती मेली,” कमलाकांत म्हणाले. “आमच्यात माणूस मेलं की गेलं म्हणतात. आणि देवी हा रोग आहे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

साहेबांनी कागद पालथा ठेवला. मग म्हणाले, फाईल बंद करा, यावर बाहेर बोलायचं नाही.

कमलाकांत त्याच संध्याकाळी परळला गेले. बकुळा भिंतीला टेकून बसली होती. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी आपण कोण ते सांगितलं, घडलं तेही सगळं सांगितलं.

“तुमाला ठावं व्हतं, तर लिवलं का न्हाई?”

“भ्यालो.”

“समदी चाळच भ्याली,” बकुळा म्हणाली. “त्यातच माजी पोर गेली. मला सांगून काय उपेग? जितं सांगायचं तितं सांगा.”

गिरगावातला एक वकील भिवाच्या सुटकेसाठी हायकोर्टात अर्ज करत होता. कमलाकांत त्याला जाऊन भेटले. त्यांचं प्रतिज्ञापत्र त्याला हवं होतं. पण गुपित फोडल्याबद्दल नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल, हे त्याने स्पष्ट सांगितलं. यशोदाबाईंनी पेन्शनचं विचारलं, मुलीच्या, नलूच्या, लग्नाचं विचारलं आणि दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पान वाढताना त्या म्हणाल्या, “नलूला देवी आल्या तेव्हा डॉक्टर तासाभरात आले होते. लिहून द्या तुम्ही.”

त्यांनी लिहून दिलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी सरकारने स्थानबद्धतेचा हुकूमच मागे घेतला. माणूस सुटला, तेव्हा न्यायाधीशांपुढे निवाडा करायला काही उरलं नाही. स्थानबद्धतेच्या कायद्याला कुणी बोट लावलं नाही. कमलाकांत मात्र बडतर्फ झाले.

आठ दिवसांनी भिवा ठाकूरद्वारला आला. घरात बस म्हटलं तरी बसेना. बायकोने आपल्याला लिहिलेली पत्रं अजून सरकारजमा आहेत, मागितली तर असं काही पत्रच नाही म्हणतात, असं त्याने सांगितलं.

“माज्या पोरीनं माजं नाव घेतलं, असं बायकू सांगती. पत्रात व्हतं का तसं?”

कमलाकांतांनी तिन्ही पत्रं त्याला तोंडपाठ म्हणून दाखवली. भिवा दाराची चौकट धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, “या कायद्याची मुदत वर्षाअखेर सरती. वाडवायची का न्हाई, ते दिल्लीत ठरनार हाय. हात वर करायच्या आधी हे समद्यांनी वाचावं. लिवून द्या. खाली तुमचं नाव घाला.”

कमलाकांत लिहायला बसले. या वेळी त्यांनी देवी म्हणजे काय, हेही लिहिलं.